संगणकाचे जर, तर आणि नाही तर



३१ डिसेंबर २००८ या दिवशी एक चमत्कारिक गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे 'झून ३०' नावाचे, गाणी ऐकण्याचे खिशात मावणारे यंत्र त्या काळी अमेरिकेत अनेकांकडे होते. त्या दिवशी ही यंत्रे एकामागून एक बंद पडू लागली. बटण दाबले की यंत्र चालू होऊ लागे आणि मध्येच अडकून बसे. कंपनीने शेवटी असा सल्ला दिला, की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारीला ग्रिनिच वेळेनुसार दुपारी बारानंतर यंत्र पुन्हा सुरू करा. लोकांनी तसे केले आणि यंत्रे पूर्वीसारखी गाऊ लागली!

यंत्रातील एकही तार तुटली नव्हती. दोष होता तो आतील घड्याळ चालवणाऱ्या आज्ञावलीत, आणि तोही चार-पाच ओळींत. त्या ओळींत एक 'जर' होता, त्याचा 'तर' होता. पण त्याचा 'नाही तर' लिहायचा राहून गेला होता.

हा 'नाही तर' संगणकाच्या भाषेत दोन तऱ्हांनी लिहिता येतो. त्या दोन तऱ्हा कोणत्या, त्यांत फरक काय आणि कोणती केव्हा वापरावी, हे आज आपण जावा या भाषेच्या आधारे पाहू या. शेवटी त्या बिघडलेल्या घड्याळाकडे परत येऊ आणि ते दुरुस्तही करू.

क्रियापद किती वेळा?

प्रथम आपल्या मराठीतील दोन वाक्ये पाहा.

पाऊस असेल तर छत्री घे, नाही तर टोपी घे.
पाऊस असेल तर छत्री, नाही तर टोपी घे.

अर्थ एकच, पण रचना वेगळी आहे. पहिल्या वाक्यात दोन आज्ञा आहेत आणि 'घे' हे क्रियापद दोनदा आले आहे. परिस्थिती पाहून आपण दोहोंपैकी एक आज्ञा पाळतो. दुसऱ्या वाक्यात आज्ञा एकच आहे : 'घे'. काय घ्यायचे, एवढेच परिस्थितीवर सोपवले आहे. पहिल्या वाक्यात कृतीची निवड होते, तर दुसऱ्यात वस्तूची.

जावा भाषेत नेमका हाच भेद आहे. पहिल्या प्रकाराला आपण 'इफ-विधान' म्हणू आणि दुसऱ्याला 'सशर्त राशी'. 'राशी' हा शब्द तुम्हाला बीजगणितातून परिचित आहे. २क्ष + ३ ही राशी आहे. तिला किंमत असते. ती कोणाला काही करायला सांगत नाही. विधान मात्र काहीतरी करायला सांगते. हा भेद पक्का लक्षात ठेवला, तर पुढचे सर्व सोपे आहे.

आता एक उदाहरण घेऊ. क्ष या संख्येचे केवलमूल्य य या चलात ठेवायचे आहे. इफ-विधान वापरून ते असे लिहितात :

इफ (क्ष >= ०)
    य = क्ष;
एल्स
    य = -क्ष;

आणि सशर्त राशी वापरून असे :

य = (क्ष >= ०) ? क्ष : -क्ष;

दुसरी ओळ मोठ्याने वाचून पाहा. प्रश्नचिन्हाच्या जागी 'असेल तर' आणि विसर्गासारख्या दोन टिंबांच्या जागी 'नाही तर' म्हणा. 'य म्हणजे, क्ष शून्याहून मोठा किंवा शून्याइतका असेल तर क्ष, नाही तर उणे क्ष.' गणिताच्या पुस्तकातील केवलमूल्याची व्याख्याच तुम्ही वाचलीत!

(संगणकावर करून पाहणाऱ्यांसाठी सूचना : इफ, एल्स, व्हाइल हे जावाचे राखीव शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करावे लागतात आणि संख्याही इंग्रजी अंकांत लिहाव्या लागतात. चलांची नावे मात्र देवनागरीत ठेवलेली जावाला चालतात. 'क्ष' हे नाव ती आनंदाने स्वीकारते.)

भौतिकीतील एक जर-तर

केवलमूल्य फार सोपे वाटले असेल, तर घर्षणाचे उदाहरण घ्या. टेबलावर एक ठोकळा स्थिर आहे. तुम्ही त्याला हळूहळू वाढत्या बलाने ढकलत आहात. ठोकळा हलत नाही, तोवर घर्षणबल तुमच्या बलाइतकेच असते. स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा ओलांडली, की ठोकळा घसरू लागतो आणि मग गतिक घर्षण लागू होते. समजा, कमाल स्थितिक घर्षण १० न्यूटन आहे आणि गतिक घर्षण ८ न्यूटन. तर

घर्षण = (बल <= १०) ? बल : ८;
त्वरण = (बल - घर्षण) / वस्तुमान;

बल ६ न्यूटन असेल, तर घर्षणही ६ न्यूटन आणि त्वरण शून्य. बल १२ न्यूटन केले, की घर्षण ८ न्यूटन. उरलेले ४ न्यूटन ठोकळ्याला त्वरण देतात. घर्षणाचा सारा नियम पहिल्या ओळीत मावला. शिवाय 'घर्षण =' हे शब्द एकदाच आले. इफ-विधानात ते दोनदा लिहावे लागले असते आणि दुसऱ्या वेळी घाईत 'घर्षण'ऐवजी 'बल' असे लिहिले गेले असते, तर जावाने ते मुकाट्याने मान्य केले असते! कारण तेही व्याकरणशुद्ध विधानच आहे. एकच गोष्ट दोनदा लिहावी लागणे म्हणजे चुकीला दोन संधी देणे होय.

कल्पना आली कोठून?

ही कल्पना कोणाला आणि का सुचली, हे मोठे मनोरंजक आहे. १९५७-५८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जॉन मॅकार्थी हे गणितज्ञ आयबीएम ७०४ या संगणकासाठी बुद्धिबळातील नियमानुसार होणाऱ्या चाली शोधणारी आज्ञावली लिहीत होते. त्यासाठी ते फोरट्रान ही तेव्हाची नवी भाषा वापरत होते. फोरट्रानमधील तेव्हाचे इफ-विधान अगदी अवघडलेले होते. एखादी राशी ऋण, शून्य की धन, हे पाहून ते आज्ञावलीतील तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी उडी मारावयास सांगे. बुद्धिबळाच्या आज्ञावलीत अशा उड्या किती माराव्या लागत असतील, याची कल्पना करा.

म्हणून मॅकार्थी यांनी 'एक्सइफ' नावाचे एक फल तयार केले. त्याला तीन गोष्टी द्यायच्या : एक कसोटीची राशी आणि दोन पर्याय. कसोटीनुसार ते दोहोंपैकी एका पर्यायाची किंमत परत देई. सोय झाली खरी, पण एक अडचण राहिली. फलाकडे जाण्यापूर्वी संगणक तिन्ही राशींच्या किंमती काढून ठेवी. हवा एकच पर्याय. पण मेहनत दोन्हींची! यातून मॅकार्थी यांना खरी सशर्त राशी सुचली : आधी अट तपासायची आणि मग दोन पर्यायांपैकी जो लागू असेल तेवढ्याचीच किंमत काढायची. पुढे त्यांच्या लिस्प या भाषेत ही कल्पना पायाभूत ठरली आणि १९६० सालच्या 'अल्गॉल ६०' या भाषेतही तिला स्थान मिळाले.

'एकाच पर्यायाची किंमत काढायची' यात केवळ श्रमाची बचत नाही. हे पाहा :

प्रत्येकी = (मुले == ०) ? ० : लाडू / मुले;

(येथे दोन बरोबरची चिन्हे म्हणजे 'सारखे आहेत का?' हा प्रश्न. एक चिन्ह म्हणजे 'ही किंमत ठेव' ही आज्ञा.) मुले शून्य असतील, तर जावा दुसऱ्या पर्यायाकडे ढुंकूनही पाहत नाही, शून्याने भागण्याचा प्रसंगच येत नाही. हेच काम एखाद्या फलावर सोपवून निवड(मुले == ०, ०, लाडू / मुले) असे लिहिले, तर फलाकडे जाण्याआधीच भागाकार होऊ लागेल आणि आज्ञावली तक्रार करून थांबेल. मॅकार्थी यांना आलेली अडचण आजही जशीच्या तशी अनुभवता येते.

१९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये डेनिस रिची यांनी सी ही भाषा तयार केली. सशर्त राशीसाठी प्रश्नचिन्ह आणि दोन टिंबे ही चिन्हे सी भाषेत आली. पुढे सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा १९९५ साली जगापुढे आली, तेव्हा सी भाषेचा हा वारसा तिने तसाच उचलला.

सशर्त राशीचे तीन नियम

पहिला नियम : तिचे तिन्ही भाग लिहावेच लागतात. इफ-विधानात 'एल्स' गाळला तरी चालतो. राशीत तो गाळून चालत नाही, कारण राशीला प्रत्येक परिस्थितीत किंमत असलीच पाहिजे. 'पाऊस असेल तर छत्री घे' हे वाक्य पुरे आहे. पण 'पाऊस असेल तर छत्री, नाही तर ... घे' असे म्हटले, की ऐकणारा विचारणारच, 'नाही तर काय?'

दुसरा नियम : दोन्ही पर्याय एकाच जातीचे व्हावे लागतात. भौतिकीत मीटर आणि सेकंद यांची बेरीज होत नाही, तसेच काहीसे. एक पर्याय पूर्णांक आणि दुसरा दशांश असेल, तर जावा पूर्णांकालाही दशांश रूप देते. म्हणून

(उत्तीर्ण) ? १ : २.५

या राशीची किंमत छापली, तर उत्तीर्ण झालेल्यालाही १ ऐवजी १.० दिसते. इफ-विधानाने दोन स्वतंत्र छापण्याच्या आज्ञा दिल्या असत्या, तर साधा १ दिसला असता. दोन तऱ्हा नेहमीच तंतोतंत सारख्या नसतात, त्या अशा.

तिसरा नियम : प्रश्नचिन्हाचा अग्रक्रम फार खालचा आहे. गुणाकार आधी, बेरीज नंतर, हे तुम्ही जाणताच. प्रश्नचिन्हाची पाळी बेरीज आणि तुलना यांच्याही नंतर येते. त्यामुळे

"निकाल : " + गुण >= ३५ ? "उत्तीर्ण" : "अनुत्तीर्ण"

असे लिहिले, तर जावा आधी 'निकाल' हा मजकूर आणि गुण जोडते आणि मग त्या जोडलेल्या मजकुराची ३५ शी तुलना करू पाहते. मजकूर ३५ हून मोठा आहे का, या प्रश्नाला अर्थच नाही! म्हणून ती ही ओळ नाकारते. संपूर्ण सशर्त राशी कंसात घातली, की काम होते :

"निकाल : " + ((गुण >= ३५) ? "उत्तीर्ण" : "अनुत्तीर्ण")

कंस फुकट मिळतात; ते वापरण्यात कंजुषी करू नये.

इफ-विधान केव्हा?

एवढे वाचून तुम्हाला वाटेल, की मग इफ-विधान हवेच कशाला? तसे मुळीच नाही. भट्टीचे तापमान मर्यादेबाहेर गेले तर घंटा वाजवायची आहे. एरवी काहीच करायचे नाही. येथे किंमत कोणतीच नाही; आहे ती कृती. आणि 'नाही तर'च्या जागी गप्प राहणे हेच बरोबर आहे. हे इफ-विधानाचे काम. जावामध्ये सशर्त राशी एकटी, विधान म्हणून उभी राहूच शकत नाही. तिची किंमत कोठेतरी वापरावी लागते.

पर्याय पुष्कळ झाले तरी विचार करावा लागतो. दहावीच्या निकालाच्या श्रेणी घ्या :

श्रेणी = (गुण >= ७५) ? "विशेष प्रावीण्य"
    : (गुण >= ६०) ? "प्रथम श्रेणी"
    : (गुण >= ४५) ? "द्वितीय श्रेणी"
    : (गुण >= ३५) ? "उत्तीर्ण"
    : "अनुत्तीर्ण";

प्रत्येक पर्याय वेगळ्या ओळीवर मांडला, म्हणून हे वाचता येते. हेच सलग एका ओळीत लिहून पाहा, डोळे फिरतील. त्यापेक्षा इफ-एल्सची उतरंड बरी. आणि प्रत्येक श्रेणीबरोबर आणखी दोन-तीन कामे करायची असतील, तर इफ-विधानाला पर्यायच नाही.

सशर्त राशी आखूड असते म्हणून ती अधिक वेगाने चालते, असा एक समज आहे. तो खरा नाही. जावाचा भाषांतरक दोन्हींचे रूपांतर शेवटी 'तपास आणि उडी मार' अशाच सूचनांत करतो. वेगात सांगण्याजोगा फरक पडत नाही. निवड करायची ती वाचणाऱ्याकडे पाहून. आज्ञावली संगणक चालवतो खरा, पण ती वाचतो आणि दुरुस्त करतो तो माणूस.

आता घड्याळ दुरुस्त करू

त्या यंत्रातील घड्याळ १ जानेवारी १९८० पासूनचे दिवस मोजत असे. एकूण दिवसांवरून वर्ष काढण्यासाठी ते एकेका वर्षाचे दिवस वजा करीत पुढे जाई. मूळ आज्ञावली सी भाषेत होती. तिचा गाभा आपल्या नावांनी असा लिहिता येईल :

वर्ष = १९८०;
व्हाइल (दिवस > ३६५) {
    इफ (लीप(वर्ष)) {
        इफ (दिवस > ३६६) {
            दिवस = दिवस - ३६६;
            वर्ष = वर्ष + १;
        }
    } एल्स {
        दिवस = दिवस - ३६५;
        वर्ष = वर्ष + १;
    }
}

'व्हाइल' म्हणजे कंसातील अट खरी आहे तोवर आतील काम पुन्हा पुन्हा करणे. आता ३१ डिसेंबर २००८ चा दिवस घ्या. वजाबाक्या करीत आपण २००८ या लीप वर्षापर्यंत आलो. उरलेले दिवस बरोबर ३६६. ते ३६५ हून अधिक आहेत का? आहेत, म्हणून आत शिरा. वर्ष लीप आहे का? आहे. दिवस ३६६ हून अधिक आहेत का? नाहीत. मग काय करायचे? काहीच लिहिलेले नाही! म्हणून यंत्र काही न करता पुन्हा सुरुवातीला जाते. दिवस अजून ३६६ च आहेत. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. ही प्रदक्षिणा अनंत काळ चालू राहते. दुसऱ्या दिवशी दिवस ३६७ झाले, वजाबाकी होऊन १ उरला आणि सुटका झाली. कंपनीने एक दिवस थांबायला का सांगितले, हे आता तुम्हाला कळले. झून हे यंत्र बाजारात आले २००६ च्या नोव्हेंबरात. म्हणजे त्याच्या आयुष्यातील हे पहिलेच लीप वर्ष. तोवर दोष झोपून राहिला होता.

आता जरा विचार करा. लीप वर्ष आणि साधे वर्ष यांत फरक कशाचा आहे? कृतीचा की किंमतीचा? दोन्ही वर्षी कृती एकच : वर्षाचे दिवस वजा करा आणि पुढच्या वर्षाकडे जा. फरक आहे तो फक्त ३६६ आणि ३६५ या किंमतींचा. मग निवडही किंमतीचीच करावी :

वर्ष = १९८०;
लांबी = लीप(वर्ष) ? ३६६ : ३६५;
व्हाइल (दिवस > लांबी) {
    दिवस = दिवस - लांबी;
    वर्ष = वर्ष + १;
    लांबी = लीप(वर्ष) ? ३६६ : ३६५;
}

३१ डिसेंबर २००८ ला दिवस ३६६, लांबीही ३६६. अट खोटी, काम संपले. उत्तर : २००८ सालचा ३६६ वा दिवस. अगदी बरोबर! आत एकही 'इफ' उरला नाही. त्यामुळे काहीच न करता फिरत राहण्याची वाटच बंद झाली. व्हाइलच्या आत गेले, की दिवस कमी होणारच.

सशर्त राशी वापरली म्हणजे चूक होणारच नाही, असा याचा अर्थ नव्हे. ३६६ आणि ३६५ यांची अदलाबदल करणाऱ्याला कोणतीही भाषा वाचवू शकणार नाही. पण 'नाही तर'चे उत्तर देणे विसरलात, तर सशर्त राशी तुम्हाला पुढे जाऊ देत नाही. इफ-विधान ते मौन खपवून घेते. अलीकडच्या भाषा घडवणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. २०१६ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या कोटलिन या भाषेत प्रश्नचिन्हाची राशी नाही; तेथे 'इफ' लाच किंमत असते, आणि त्याची किंमत वापरायची असेल तर 'एल्स' सक्तीचा असतो.

तेव्हा मित्रहो, जर-तर लिहिण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : येथे काय बदलते आहे, कृती की किंमत? कृती बदलत असेल तर इफ-विधान, नाही तर सशर्त राशी लिहा. (या वाक्यात 'लिहा' किती वेळा आले, ते मोजलेत का?)

स्वाध्याय

१. क्ष आणि य यांतील मोठी संख्या देणारी सशर्त राशी लिहा. मग क्ष, य आणि ज्ञ या तिघांतील मोठी संख्या काढा. एकात एक राशी घालण्यापेक्षा दोन ओळी अधिक वाचनीय होतात का, ते ठरवा.

२. १०० ने भाग जाणारे वर्ष ४०० नेही भाग गेला तरच लीप असते. इतर वर्षे ४ ने भाग गेल्यास लीप असतात. हा नियम एका सशर्त राशीत लिहा आणि १९००, २००० व २००८ या वर्षांसाठी कागदावर पडताळून पाहा.

३. मूळ घड्याळाच्या आज्ञावलीत दुसरी कोणतीही ओळ न बदलता, फक्त एक 'एल्स' घालून ती दुरुस्त करता येईल का? त्या 'एल्स'मध्ये काय लिहाल? आपल्या दुरुस्तीशी तुलना करून कोणती बरी, ते वर्गात चर्चेने ठरवा.

४. पुढीलपैकी कोठे इफ-विधान आणि कोठे सशर्त राशी वापराल? (अ) टाकी भरली तर पंप बंद करणे. (आ) बारा वर्षांखालील मुलाला अर्धे तिकीट, इतरांना पूर्ण. (इ) पाण्याचे तापमान शून्य अंश सेल्सिअसपेक्षा कमी असेल तर 'बर्फ', नाही तर 'पाणी' असे छापणे. तिसऱ्या प्रश्नाला दोन्ही उत्तरे देता येतील. आपल्या निवडीचे कारण मात्र सांगा.